जुन्या मापावर नवं कापड

जुन्या मापावर नवं कापड कापायचं नाही, हा अप्पांचा नियम होता. मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात कुणी घाईघाईनं कापड टाकलं आणि निम्म्या कन्नडात "हळे अळते इदेयल्ला, तेच जुनं माप धरा" म्हणालं, की अप्पा चष्मा कपाळावर चढवायचे. "जुनी माझी वही आहे, तुम्ही नाही. आत या आणि सरळ उभे राहा." एक वकीलसाहेब यावरून रागावून निघून गेले होते. महिनाभरानं दुसरीकडे शिवलेली पँट घेऊन परत आले, तेव्हा अप्पांनी फक्त टेप गळ्यातून काढली. तो दिवस त्यांनी मनातल्या मनात सणासारखा साजरा केला असणार.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग माझा, मागचा त्यांचा. माझ्याकडे ब्लाउज आणि साड्यांचे फॉल, त्यांच्याकडे पँट, शर्ट आणि शाळांचे युनिफॉर्म. मी सासरहून परत आले त्याला आता पंधरा वर्षं झाली. त्यावर अप्पांनी मला कधी काही विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी शिलाई मशीन आणलं आणि ते दाराशी, उजेडाला ठेवलं. आमच्या घरात बोलून दाखवायची पद्धत नाही, ठेवून दाखवायची आहे. याचे फायदे मी पुष्कळ घेतले. तोटा एकदाच झाला, पण तो केवढा, तेच इथे लिहायचं आहे.

आमच्याकडे दसऱ्याचे कपडे घरीच शिवतात आणि त्यासाठी घरच्यांची मापं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी घेतात. गिऱ्हाइकांची गर्दी सुरू व्हायच्या आत घरचं उरकून घ्यायचं, एवढंच त्यामागे असावं. पण अप्पांनी त्याचं व्रत करून टाकलं होतं. अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, तुळशीची माळ शर्टाबाहेर काढून ते दुकानात यायचे. आईचं माप मी घ्यायची, माझं आई घ्यायची आणि अप्पांचंही मीच. एकानं टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा. घरात आम्ही मराठी बोलतो, ऐकून पुण्याच्या माणसानं कपाळाला हात लावावा अशी, पण दुकानातले आकडे पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच. मी ओरडायची, अप्पा कटिंगच्या टेबलावर वही ठेवून उभ्याउभ्याच लिहायचे. लिहिलेला आकडा चुकला, तर तो खोडायचा नाही, खरा आकडा त्याच्या शेजारी लिहायचा, हा आणखी एक नियम. चूक दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

गेल्याच्या गेल्या श्रावणात मी त्यांच्या कमरेला टेप लावली आणि ओरडले, "नलवत्तु!" चाळीस. आदल्या वर्षी सदतीस होती. मला हसू आलं. म्हटलं, "अप्पा, तीन इंच! यंदा दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती सोडून अंबारी तुमच्यावरच बांधू." आईही हसली. अप्पा हसले नाहीत. पेन टेकवून ते क्षणभर थांबले, मग लिहिलं आणि म्हणाले, "पुढे." छातीचा आकडा दीड इंचानं कमी आला. मी सांगितला, त्यांनी लिहिला. म्हणजे मला तसं वाटलं.

पुढचे दोन महिने हातून शेकडो मापं गेली. नवरात्राच्या तोंडावर मी अप्पांचे कपडे कापायला घेतले, वही उघडली आणि त्यात जे होतं ते कापलं. कुणाची कंबर किती हे डोक्यात ठेवायला लागलं तर शिंप्याला वेडच लागेल, म्हणून तर वही असते. दसऱ्याच्या सकाळी पँटचा हूक लागेना. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, खुंटीला टांगल्यासारखा. आईसमोर अप्पांनी मला फाडून खाल्लं. "इतकी वर्षं कात्री धरून हाताला काय लागलं? घरच्या माणसाचं माप चुकतं?" माझी मान खाली. उसवून देते म्हटलं तर, "बेडा, राहू दे," म्हणाले. हूक उघडा ठेवून, वर शर्ट सोडून ते देवळात गेले. पुढचे कित्येक महिने ती उघड्या हुकाची पँट मला रोज दिसायची आणि रोज नव्यानं लाज वाटायची.

त्याच महिन्यांत ते बदलत होते. ते आता सगळं ओळीनं दिसतं, तेव्हा सुटं सुटं दिसत होतं. दंड बारीक झाले. चपलेचा पट्टा पायावर रुतलेला दिसायचा. ताटातली निम्मी भाकरी परत जायची. पोट मात्र पुढे येत होतं आणि आई त्यावर खूश होती. शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात; शेजारीपाजारी म्हणायचे, अंग धरलंय की मास्तरांनी. मी शरीरं मोजून पोट भरणारी बाई. दंड आटतो आणि पोट वाढतं, याला अंग धरणं म्हणत नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. माझं सगळं लक्ष त्या हुकाकडे.

युनिफॉर्मचा हंगाम आला, तेव्हा हुणसूरच्या शाळेचे गठ्ठे घेऊन ते दरवर्षीप्रमाणे बसनं गेले नाहीत, मला पाठवलं. "पायरी उंच असते," म्हणाले. परत आल्यावर मी डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाले, "शाळा उघडू दे. मुलं उघडी जातील काय?" शाळा उघडल्या. एका दुपारी ते दाराशी उजेडात कापडाला धाग्याचा रंग जुळवत उभे होते. फिकट क्रीम कापड, दोन रिळं. मला विचारलं, यातलं कुठलं? मी रीळ बघायला वर पाहिलं आणि त्यांचे डोळे दिसले. बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं नव्हतं. त्यांच्या हातातलं क्रीम रीळ त्याहून पांढरं होतं.

मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टर वयानं लहान, बोलायला मऊ होती. सोनोग्राफी झाली, रक्त गेलं, मग रंगाचं औषध शिरेत सोडून तीन टप्प्यांत स्कॅन झालं. तिनं मला विचारलं, पोट कधीपासून वाढलंय? मला कोण उत्साह! दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं, पण आम्ही शिंपी. म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे, तीस वर्षांचं. पुढच्या वेळी वही आणते.

आणि मी खरंच घेऊन गेले. आपल्या हातात काहीतरी कामाचं आहे, या अभिमानानं गेले. अप्पांना पोटातलं पाणी काढायला आत नेलं होतं. आई त्यांच्याबरोबर. मी टेबलावर वही उघडली, अप्पांचं पान काढलं आणि डॉक्टरच्या आधी मीच बघितलं. आदल्या श्रावणातली, मी चाळीस ओरडले होते ती ओळ. कंबर सदतीस. छाती आदल्या वर्षीइतकीच. उंचीपासून मनगटापर्यंत सगळे आकडे वरच्या ओळीतून उतरवलेले, एकूण एक. मी शेजारी पाहिलं, खरा आकडा कुठे लिहिलाय का. शेजारचं कोरं होतं.

अंबारीचा विनोद मी चाळीसवर केला होता. सदतीसवर तो केलाच नसता.

"म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत काही फरक नव्हता," डॉक्टर म्हणाली. मी हो म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक. परक्या बाईसमोर अप्पांची वही खोटी पाडायची मला लाज वाटली.

मग तिनं मला सगळं सांगितलं. गाठ यकृतातच उगवलेली आहे, दुसरीकडून आलेली नाही. यकृत आधीपासूनच कडक झालेलं होतं, साखरेच्या आजारानं आणि चरबीनं, वर्षानुवर्षं, काही न दुखता. मी विचारलं, तुकडा काढून बघणार ना? नमुना बघितल्याशिवाय मी कापडसुद्धा घेत नाही. ती म्हणाली, अशा कडक झालेल्या यकृतात गाठ औषधाचा रंग कसा घेते आणि कसा टाकते, तेवढ्यावरून खात्री होते. तुकडा काढण्यात रक्तस्रावाचा धोका, हाती नवीन काही नाही. गाठ मोठ्या शिरेत शिरली आहे. ऑपरेशन नाही. दुसऱ्याचं यकृत बसवणं नाही. धमनीतून औषध सोडतात, तेही यात नाही. गोळ्या असतात, पण हे यकृत आता त्या सोसणार नाही. पाणी साचलं की काढायचं, दुखलं की दुखणं कमी करायचं, गुंगी येऊ नये म्हणून पोट साफ ठेवायचं. "किती?" मी विचारलं. "तीन महिने. फार तर चार. याहून कमीही होऊ शकतं." आणि मग, मी विचारलेलं नसताना, "गाठ लहान असताना सापडली असती, तर बोलण्यासारखं बरंच होतं."

हे शेवटचं वाक्य तिनं सांगायला नको होतं. पण बरं झालं सांगितलं. मला कुणावर तरी रागवायचं होतं.

घरी आईनं फर्मान काढलं. "त्यांना काही बोलू नको. सुम्ने इरू दे." गप्प राहू दे. तिला आजारापेक्षा जास्त जाळत होती ती भेटायला येणारी माणसं. लिव्हर म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा, आवाज खाली यायचा, "कुडीतिद्रा?" पीत होते का? गळ्यात माळ असलेल्या माणसाबद्दल. एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणाऱ्या माणसाबद्दल. एका बाईला आईनं दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी साखर सांगितली, चरबी सांगितली, हे आम्ही दहा जणांना समजावलं आणि दहाही जणांनी मान हलवून मनात दारूच ठेवली.

मी अप्पांशी बोलत नव्हते. म्हणजे औषध घ्या, पाय वर ठेवा, एवढं बोलत होते. ते वाळत चाललेले, पिवळे पडलेले, दर दहा दिवसांनी पोट भरत होतं आणि मी त्यांच्यावर रागावलेली होते. तुम्ही खोटं लिहिलंत आणि वर मलाच बोललात, सगळं वर्ष मला मान खाली घालायला लावलीत, हे सतत ओठावर यायचं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? ते काही विचारतही नव्हते. कुठला आजार, किती दिवस, काही नाही. माझ्या ओळखीतला सगळ्यात चौकस माणूस, गिऱ्हाइकाच्या खिशाची खोलीसुद्धा विचारून घेणारा.

श्रावणातला पहिला सोमवार आला. मी तो विसरल्यासारखं केलं. सकाळी बघते तर अप्पा अंघोळ करून, बुक्का लावून, माळ शर्टाबाहेर काढून खुर्चीत बसलेले. "दुकानात जायचं." आई म्हणाली, यंदा राहू दे. त्यांनी ऐकलंच नाही. रिक्षानं गेलो. त्यांना धरून आत नेलं, टेबलाला टेकवून उभं केलं.

"अप्पा, उद्या पाणी काढायचं आहे," मी म्हणाले. "माप आज घेऊ की काढल्यावर?"

शिंप्याचा प्रश्न होता, त्यांना आवडला. विचार केला. "भरलेलं असताना घे. जास्त दिवस तसाच असतो की मी."

मी टेप गुंडाळली. पोट ताठ, गरम, बेंबी बाहेर आलेली. टेपचं टोक जिथे पोचलं तिथे मी पाहिलं. खरा आकडा सोडून मी म्हणाले, "मूवत्तेळु." सदतीस.

अप्पांनी लिहिलं नाही. वळून माझ्याकडे बघितलं, पिवळ्या डोळ्यांनी. "सरियागि हेळु," म्हणाले. नीट सांग.

माझा बांध फुटला. "तुम्ही लिहिलंत का नीट? गेल्या वर्षी मी नीट सांगितलं होतं, अप्पा. तुम्ही काय लिहिलंत?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मग अप्पा बोलले, हळू, मध्येमध्ये शब्द शोधत. दोन वर्षांमागे देवळाच्या मंडपात तपासणीचं शिबिर भरलं होतं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, लिव्हर कडक झालंय, मोठ्या डॉक्टरला दाखवा, दर सहा महिन्यांनी स्कॅन करा. "रांगेत मागे आपलीच माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं असतं तर म्हणाली असती, माळ घालून पितो. मी कागद फाडला." आणि मग श्रावणात मी चाळीस ओरडले. "तेव्हा कळलं मला. भीती वाटली, गं. हातानं लिहवेना. लिहिलं नाही तर, वाटलं, नसेलच."

"आणि मला बोललात," मी म्हणाले. माझा आवाज लहान मुलीसारखा येत होता.

"बोललो."

त्यांनी पेन उचललं. हात थरथरत होता. ती थरथर थंडीची नसते, यकृत गेल्याची असते, हे मला डॉक्टरनं दाखवलं होतं. "गेल्या वर्षी कंबर काय म्हणाली होतीस?"

"नलवत्तु."

त्यांनी गेल्या वर्षीच्या सदतीसच्या शेजारी चाळीस लिहिलं. चाळिसातला चार वाकडा आला, शून्य मिटलंच नाही. "छाती?" मला आठवत होतं, दीड इंच कमी. तेही लिहिलं. मला आठवले तेवढे आकडे एकेक करून त्यांनी शेजारी लिहिले. मी हुंदके देत सांगत होते आणि ते लिहीत होते. मग म्हणाले, "आता आजचं."

मी पुन्हा टेप लावली. "नलवत्तमूरु." त्रेचाळीस. लिहिलं. छाती, खांदा, सीट, लांबी. दंडाला वेढायला वीतभर टेपही लागेना, इतका तो बारीक. सगळं लिहून झालं, तरी त्यांनी वही मिटली नाही.

"डॉक्टरनं एष्टु हेळिदळु?" म्हणाले. किती सांगितलं?

आईनं नको म्हटलं होतं. पण टेप माझ्या हातात होती, पेन त्यांच्या हातात होतं, आणि त्या जागी उभं राहून मी त्यांना पुन्हा खोटं सांगू शकले नसते. दुकानातल्या आवाजात, सरळ सांगितलं. "मूरु."

अप्पांनी आपल्या ओळीच्या शेवटी तीन लिहिलं. पुढे महिने, दिवस असं काही नाही. नुसतं तीन. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आयतु, झालं. आता आईचं घे."

पँट मी त्याच आठवड्यात शिवली, दसऱ्याची वाट न बघता. त्यांनी ती एकदाच घातली, पुढच्या वेळी पाणी काढायला जायच्या सकाळी, घरातल्या खुर्चीत बसून. मी पुढे वाकून हूक लावला. लागला. बोट फिरवून बघितलं, कुठे काचत नव्हतं. "बरोबर बसली," अप्पा म्हणाले. माझ्या कापण्याला त्यांनी बरोबर म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुपारी पाणी काढून आल्यावर ती पँट कमरेवरून घसरली आणि मी तिची घडी करून ठेवून दिली.

त्यानंतर गुंगी वाढत गेली. मला ओळखायचे, मग आईची बहीण समजायचे, मग कुणीच नाही. गणपती बसले त्या आठवड्यात ते गेले, वहीत तीन लिहिल्याला जेमतेम महिना झाला होता. दसरा लांब होता. त्यांना नेताना अंगावर घातलं ते कापड आम्ही ताग्यावरून फाडून घेतलं, त्याला माप लागत नाही.

दुकान आता मी एकटी बघते. मागच्या भागात गिऱ्हाइकांचं कापड रचलेलं असतं. माझ्याच्यानं पँट कापवत नाही. लोक विचारतात, काय झालं होतं मास्तरांना, आणि मी सांगते, कॅन्सर, लिव्हरचा. समोरच्याचा आवाज खाली जातो. मी आता समजावून सांगत नाही.

परवा, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आईचं माप घ्यायला वही काढली. लिहायला कुणी नव्हतं. मीच टेप लावली, मीच ओरडले आणि मीच लिहिलं. मग त्यांचं पान उलटलं. ओळीच्या शेवटी तो तीन, थरथरलेला, माझ्याच तोंडचा. आमच्याकडे चुकलेला आकडा खोडत नाहीत. मी पेन उचललं आणि त्याच्या शेजारी एक लिहिलं.